भाचीच्या नावाचा रोट

माझी भाची माझ्याकडे कायमची राहायला आली तेव्हा ती सहा वर्षांची होती, मी एकावन्न वर्षांचा होतो आणि घरात कुकर एकच होता, त्याचीही शिट्टी हरवलेली. मी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हा विषय पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीने वीस वर्षं चघळून सोडून दिला होता. जळगावच्या बाजारात माझं वजनकाटे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. काटा अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी मला चैन पडत नाही. असल्या माणसाच्या हाती लहान पोर देणं म्हणजे दोघांचेही हाल, हे मलाही कळत होतं. पण दुसरं कोणी नव्हतं.

माझी धाकटी बहीण आजारी आहे. आजार मनाचा आहे. लांबच्या शहरात उपचार चालू आहेत, तिथेच ती राहते, आणि दर सोमवारी दुपारी तिला तिथून फोन करू देतात. भाचीच्या वडिलांनी दुसरीकडे संसार थाटला, त्यात या पोरीला जागा नव्हती. त्यांच्याविषयी इतकंच लिहितो. जास्त लिहायला बसलो तर पेनाची निब मोडेल.

पोरगी आली हे कॉलनीला कळायला एक दुपार पुरली. संध्याकाळी दारात डबे यायला लागले. दिवस थंडीचे, बाजारात भरताची वांगी उतरलेली, त्यामुळे पहिल्या आठवड्यात आमच्याकडे अकरा घरांतून भरीत आलं. सकाळी भरीत, दुपारी भरीत, रात्री कोणीतरी म्हणायचं, ‘पोरीला तिखट लागत असेल, म्हणून आमचं मुद्दाम कमी तिखट केलंय,’ आणि डबा उघडावा तर भरीत. शाळेत बाईंनी ‘माझे घर’ असं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा भाचीने आख्खं घर जांभळं रंगवलं आणि वर हिरवा देठ काढला. बाईंनी मला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

मदतीला खरा जोर आला तो समोरच्या नानांमुळे. नाना एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांची नोकरी सुटली, पण शिट्टी सुटली नाही. त्यांनी एका पुठ्ठ्यावर ड्यूटीचा तक्ता करून माझ्याच दारावर मला न विचारता चिकटवला. सकाळची वेणी शेजारच्या मारवाडी काकींकडे, शाळेत सोडणं नानांकडे, आणणं माझ्याकडे, पाढे पुन्हा नानांकडे. काकींचं कोपऱ्यावर किराणा दुकान. त्यांच्या घरात कांदा-लसूण शिजत नाही, पण बोलण्याला झणझणीत फोडणी असते. त्या वेणी इतकी घट्ट घालायच्या की भाचीच्या भुवया दुपारपर्यंत वर चढलेल्या राहायच्या आणि वर्गात ती सगळ्या विषयांवर आश्चर्यचकित दिसायची.

पहिल्या पालकसभेला आम्ही सहा जण गेलो. बाईंनी विचारलं, “पालक कोण?” सात हात वर झाले. नानांनी दोन्ही हात वर केले होते. मला त्या दिवशी भयंकर राग आला, आणि परत येताना स्कूटरवर, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, रडूही आलं. एकट्याने हे झेपलं नसतं, एवढं सरळ सांगून टाकतो.

आता कानबाईविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते. आमची भाऊबंदकी शिंदखेड्याच्या बाजूला एका खेड्यात आहे, सगळे तिथे जमतात. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा, दळायचा आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. सोमवारी सकाळी देवीला नदीवर पोहोचवून आलं की ते खायचे. आमच्यातली रीत कडक आहे. रोट भाऊबंदांनीच खायचा. घरच्या कुवार मुली खाऊ शकतात, त्यांचं मोजमाप मात्र नाही. मुलगी लग्न करून गेली की ती बाहेरची. खाताना कण सांडायचा नाही, हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात ओतायचं, आणि उरलेलं पीठ घरी आणून पुनवेच्या आत संपवायचं. बाहेरच्याने खाल्लं तर कानबाई कोपते.

पहिल्या वर्षी मी भाचीला काकींकडे ठेवून एकटाच गेलो. भाची म्हणजे तिच्या बापाच्या कुळाची, तिला आमचा रोट चालत नाही, यात मला काही वावगं वाटलं नाही. काट्याचं माप जसं पाळायचं असतं तशी रीत पाळायची, एवढंच माझं डोकं चाललं. सोमवारी संध्याकाळी माझ्या वाटचं पीठ घेऊन परत आलो, तेव्हा मात्र पेच पडला. पीठ संपवायचं मीच, तेही तिला न देता, आणि घर दोन खोल्यांचं.

मग मी स्वयंपाकघराचं दार लावून खायला लागलो.

चार दिवस रोज दोन वेळा मी ओट्याशी उभा राहून, चोरासारखा, तूप लावून रोट खात होतो. बाहेरून आवाज यायचा, “मामा, झालं का?” मी भरल्या तोंडाने म्हणायचो, “होतंय.” फ्लॅटमध्ये खड्डा कुठून आणणार? म्हणून हात धुतलेलं पाणी मी गॅलरीतल्या कोरफडीच्या कुंडीत नेऊन ओतायचो, तेही इकडेतिकडे बघून. तिसऱ्या दिवशी नाना दारात उभे. मागे काकी. त्यांच्या मागे आणखी चार जण.

“काटेवाले,” नाना म्हणाले. ते मला माझ्या धंद्यावरून हाक मारतात. “पोरगी सांगते, मामा दार लावून एकटा खातो. खरं आहे?”

“खरं आहे, पण...”

“आणि कुंडीत काय पुरता?”

मी सगळं समजावून सांगितलं. कॉलनीत निम्मे खानदेशीच, त्यांनी माना डोलावल्या. काकींनी मात्र कपाळाला हात लावला. “भाईसाब, आमच्याकडे भाणजीला आधी जेवू घालतात, मग मामा घास घेतो. तुमची देवी अशी कशी हो?” मी म्हटलं, देवीचं काही नाही, रीत आहे. त्यावर काकी माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत, पण वेणी घालायला रोज आल्या. मुकाट्याने घातलेली वेणी जास्तच घट्ट बसायची.

भाचीला मी वेगळं बसवून समजावलं. तू बाहेरची आहेस असं नाही, फक्त रोटापुरती बाहेरची. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मुलं आपण सांगतो ते ऐकतात, हीच त्यांच्यातली भीतीदायक गोष्ट आहे. तिने ते पाठच करून टाकलं. त्यानंतर वर्षभर कुठे काही वाटप असलं, गणपतीचा प्रसाद असो की कोणाच्या घरचे वाढदिवसाचे पेढे, ती आधी विचारायची, “मला चालतं का? मी बाहेरची आहे.” एकदा लग्नात जेवायला बसलो तर वाढप्याला म्हणाली, “काका, मी ह्यांच्या घरची नाही, तरी जिलबी चालेल का?” लोक हसले. मीही हसलो. पण माझ्या पानातली जिलबी तशीच राहिली.

दुसऱ्या वर्षी श्रावण आला तेव्हा नानांनी कॉलनीची बैठक घेतली. ठराव एकच, यंदा पोरगी मामाबरोबर गावाला जाणार. मी म्हटलं, अहो, ती तिथे बसून काय करणार? काकी म्हणाल्या, “बसेल. पण घरात बसेल.” नानांनी भाचीच्या रजेचा अर्ज स्वतः लिहिला, त्यात ‘कौटुंबिक कारणास्तव’ या शब्दांखाली दोन रेघा मारल्या, आणि स्वतःची पिशवीही भरली. पोरीची बाजू मांडायला कोणीतरी हवं, म्हणून ते येणार होते. काकींनी भाचीसाठी खाकऱ्यांचा डबा दिला, म्हणजे रोट नाही मिळाला तरी पोर उपाशी राहायला नको.

जळगाव ते धुळे आणि धुळ्याहून पुढे असा प्रवास आम्ही एसटीने केला. नानांनी दोन्ही गाड्यांतल्या कंडक्टरांना हैराण केलं. तिकीट फाडायची पद्धत चुकीची आहे, बेल एकदा द्यायची का दोनदा, मागचं दार नीट लागलं का. धुळ्यानंतरच्या कंडक्टरने शेवटी स्वतःची जागा त्यांना दिली आणि तो ड्रायव्हरजवळ जाऊन उभा राहिला.

गावात पोहोचलो. वाड्यावस्तीवरचे सगळे भाऊबंद जमलेले. आमच्यात सगळ्यांत मोठी म्हणजे अक्का, माझी थोरली काकू, ऐंशीच्या पुढची, डोळ्यांना कमी दिसतं पण ऐकू नको तेवढं येतं. आणि रीतीभातीचं सगळं बघतात ते माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आख्खं गाव नुसतं ‘भाऊ’ म्हणतं. भाऊंचा चेहरा असा की ते नमस्कारसुद्धा हरकत घेतल्यासारखा करतात.

रविवार गाणी-आरतीत गेला. सोमवारी सकाळी देवीला नदीवर पोहोचवलं आणि दुपारी अंगणात पंगत बसली. रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. अक्काने भाचीला अहिराणीत हाक मारली, “ये वं माय, बस आठे.”

भाची ओसरीच्या पार टोकाला आपला डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिथूनच तिने मोठ्याने सांगितलं, “आजी, मला चालत नाही. मी बाहेरची आहे. मी माझं आणलंय.” आणि एक खाकरा वर करून दाखवला.

पंगतीतले हात थांबले. अक्का म्हणाली, “कोन सांगं तुले?”

“मामाने.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं, पण अंगणात खड्डा एकच होता आणि तो हात धुवायच्या पाण्याचा होता.

“बराबर सांगं त्यानी,” भाऊ म्हणाले. “रीत म्हणजे रीत शे. भाची तिना बापना कुळनी.”

इथे नाना उठले. नाना पंगतीत नव्हते, पाहुणे म्हणून बाजूला खाटेवर बसले होते आणि त्यांच्यासाठी पोळीभाजीचं वेगळं ताट होतं. ते भाषण करायच्या पवित्र्यात पुढे आले आणि माझ्याच शेजारी उकिडवे बसले.

“भाऊसाहेब, चौतीस वर्षं मी गाडीवर काढली,” नाना म्हणाले. “लहान पोराला अर्धं तिकीट असतं. पण अर्धं तिकीट आहे म्हणून मी कोणाला अर्ध्या रस्त्यात उतरवलं नाही. गाडीत बसला तो प्रवासी. बरोबर?”

“गाडी वेगळी, कुळ वेगळं,” भाऊ म्हणाले.

“वेगळं कसं? गाडीत उभे असतात, बसलेले असतात, पासवाले असतात...” नानांना रंग चढला. पासवाल्यांपासून ते आरक्षणावर गेले, आरक्षणावरून फुकट प्रवासावर. बोलताना त्यांना हाताला काहीतरी लागतं. गाडीत असताना तिकिटांची पेटी असायची. इथे समोर माझं ताट होतं. ‘आता तुम्हीच सांगा’ म्हणत त्यांनी माझ्या ताटातला रोट उचलला, ‘एखादं पोर स्टँडवर एकटं उभं असलं’ म्हणत तो मोडला, ‘तर कंडक्टरने काय डबल बेल मारून निघून जायचं?’ असं विचारून तोंडात टाकला, आणि उत्तराची वाट बघत शांतपणे चावला.

अंगणात फक्त नानांच्या चावण्याचा आवाज होता. माझ्या शेजारी बसलेल्या पुतण्याने डोळे मिटून घेतले. नाना एवढे खूश की त्यांना वाटलं, मुद्दा पटला. त्यांनी दुसरा तुकडा मोडला, खिरीत बुडवला आणि तोही खाल्ला.

“नाना,” मी कसाबसा म्हटलं, “तो रोट आहे.”

नानांचा जबडा थांबला. चेहरा असा झाला, जणू तपासणीसाने बिनातिकीट पकडलं असावं. थुंकावं तर कण सांडू नये अशी रीत, गिळावं तर देवी कोपेल. तोंड भरलेलं ठेवून त्यांनी डोळ्यांनीच मला विचारलं, काय करू. मी काय सांगणार? भाऊ उभे राहिले होते. बायकांनी पदर तोंडाला लावले, काहींनी भीतीने, काहींनी उघडउघड हसू दाबायला.

अक्का मात्र बसल्याजागी मान हलवत होती. “गिळी ले रे भाऊ, गिळी ले,” ती नानांना म्हणाली. नानांनी गिळलं. मग ती सगळ्यांना म्हणाली, “पोटमा गया तो काही बाहेर येत नही. बाहेरना मानूसनी रोट खादा ते कानबाई कोपस. बराबर?”

“बराबर,” भाऊ म्हणाले.

“मंग नाना बाहेरना नही. आपला भाऊबंद शे. व्हई गयं.”

भाऊंनी तोंड उघडलं. त्यांच्या डोक्यात हा हिशोब फिरताना दिसत होता. नानांना बाहेरचं म्हणावं तर कोप नक्की, घरचं म्हणावं तर कोप टळतो. गावातल्या कोणालाच कोप नको होता, शेतात कापूस उभा होता. एकेक करून सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा रीतीने पिंप्राळ्याचे निवृत्त कंडक्टर, जात वेगळी, कुळ वेगळं, गाव वेगळं, दुपारी सव्वाच्या सुमाराला आमच्या भाऊबंदकीत आले. नानांचे डोळे भरून आले. त्यांनी पंगतीला हात जोडले आणि विचारलं, “म्हणजे आता दरवर्षी यावं लागेल का?”

हशा झाला. ताणलेलं सगळं सैल पडलं, खीर पुन्हा फिरायला लागली. तेव्हा ओसरीच्या टोकावरून आवाज आला.

“आजी, नाना घरचे झाले?”

“हाव, व्हई गया.”

“मग आता मी एकटीच बाहेरची?”

तिने हे रडून विचारलं नाही, रुसूनही नाही. बसमध्ये ‘धुळं आलं का?’ विचारावं तसं विचारलं. म्हणजे उत्तर काय आहे ते कळलं की त्याप्रमाणे ती डबा उघडणार होती.

वर्षभर मी हिला काय शिकवलं होतं, ते मला तिच्याच तोंडून सगळ्या गावासमोर ऐकायला मिळालं. मी ताटावरून उठलो. रोटाच्या पंगतीतून मधे उठत नाहीत, पण उठलो. ओसरीवर जाऊन तिच्याजवळ बसलो आणि एवढंच म्हणालो, “मामा चुकला.”

अक्का भिंतीला धरून उभी राहिली. “एस्टीना कंडक्टर चालना,” ती भाऊंना म्हणाली, “आनी आपली पोरनी पोर नही चालनी? जराशी लाज वाटू द्या.”

“अक्का, पोरीस्ना रोट कोनी मोजत नही,” भाऊ म्हणाले. पण आवाजातली धार गेली होती.

“आते मी मोजसू.”

गहू भरलेलं सूप आलं. अक्काने भाचीला समोर बसवलं, गव्हात हात घातला, एक मूठ भरून टोपलीत टाकली आणि वर पाव मुठीची चिमूट सोडली. भाऊंचं डोकं अजूनही रीतीतच होतं. ते म्हणाले, करायचंच आहे तर रीतसर झालं पाहिजे, आणि स्वतः जातं पुसायला बसले. नानांचीही सव्वा मूठ मोजली गेली. दोन सुना दळायला बसल्या, चूल पुन्हा पेटली, आणि पंगत अर्धी टाकून सगळे भाऊबंद त्या दोन रोटांची वाट बघत बसले. काकींचे खाकरे तेवढ्यात पोरांनी संपवले. त्यांना कोणी विचारलं नाही चालतात का.

भाचीचा रोट आला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, कण सांडू नये म्हणून खाली ताट ओढून घेतलं, आणि पहिला घास घेतला तेवढ्यात माझा फोन वाजला. सोमवार होता. बहीण होती. मी फोन स्पीकरवर टाकून भाचीच्या कानाजवळ धरला, कारण तिचे हात तुपाने भरले होते.

“काय करतेस गं?” बहिणीचा आवाज आला. बारीक, नेहमीसारखा दमलेला.

“जेवतेय. रोट.”

“रोट? अगं, कोणी दिला तुला? मामाला ओरडतील सगळे.”

“माझ्याच नावाचा आहे. आजीने मोजला. नानांचा पण मोजला, नाना आता आपले भाऊबंद आहेत.” तिने घास गिळला. “आई, तुला चालत नाही. तुझं लग्न झालंय ना, तू बाहेरची. पण तू रडू नको, मी आत आहे.”

मला वाटलं, गेलं, आता ही कोलमडणार, मी फोन काढून घ्यायला हवा होता. आणि मग माझी बहीण हसली. खळखळून, याच अंगणात लहानपणी हसायची तशी. दोन वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. पंगतीतल्या बायकांनीही ते ओळखलं, कारण सगळ्या एकदम फोनकडे वळल्या.

“मग माझ्या वाटचा पण तूच खा,” हसता हसता ती म्हणाली.

भाची विचारात पडली. रीत तिला आमच्या कोणाहीपेक्षा पक्की पाठ होती. “तसा नाही खाता येत,” तिने सांगितलं. “तो वेगळा मोजावा लागतो. थांब, विचारते.” आणि फोनपासून तोंड बाजूला करून तिने अंगणात हाक दिली, “आजी, माझ्या आईचा पण मोजायचा का?”

अक्काने भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी कोणाकडेच पाहिलं नाही. त्यांनी बाजूला ठेवलेलं गव्हाचं सूप उचललं आणि अक्कासमोर नेऊन ठेवलं.